खिडकीपाशीचं ताट

मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत राहणाऱ्या मायाबाईंचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. नवरा, बाबूराव, तर असलं काही बोलणाऱ्याची सालटंच काढायचे. नागपूरहून नोकरीसाठी इकडे उत्तरेत आलेलं बौद्ध घर. अंगारे-धुपारे, नवस, कसलं म्हणून कौतुक नाही. त्यामुळे ताटाची गोष्ट बाईंनी घरी कधी काढलीच नाही. काढणार तरी कोणत्या तोंडाने?

दर गुरुवारी संध्याकाळी तिथल्या एका कॉलेजच्या आवारातल्या छोट्या हॉलमध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांची सभा भरते. आधी गिटारवर भजनं आणि प्रार्थना, मग जेवण, मग गोल बसून ज्याने त्याने आपापल्या धर्माचं बोलायचं. येणाऱ्यांत निम्मे हिंदू-मुसलमान. सभा चालवतात पद्मिनी सॅम्युएल, आणि तहरी, म्हणजे बटाटा-मटारचा पिवळा भात, शिजवतात मायाबाई. जेवलेलं ताट ज्याचं त्याने धुऊन पालथं घालायचं, एवढा एकच कडक नियम.

मायाबाईंचा मुलगा आशुतोष इथे जेवायला यायचा, हे त्यांना तो गेल्यावर कळलं. मलिहाबादच्या रस्त्यावर ट्रकने त्याची मोटारसायकल उडवली. त्या सकाळीच बाई त्याच्यावर उखडल्या होत्या, त्याच जुन्या कारणावरून: पोरगा जेवलेलं ताट कधी उचलायचा नाही. ते बोलणं त्यांना अजून खातं. इथे स्वयंपाकाला माणूस हवंय असं कळलं, तेव्हा त्या आपणहून आल्या.

दुसऱ्याच गुरुवारी अठरा माणसं जेवली आणि ताटं निघाली एकोणीस. अठरा धुतलेली, एक खरकटं. खिडकीपाशी ठेवलेलं, काठावर लवंगा आणि मिरे ओळीने लावलेले. आशुतोष लहानपणापासून तसेच लावायचा. कोणाचं ताट म्हणून बाईंनी विचारलं, तर ज्याने त्याने आपलं पालथं घातलेलं ताट दाखवलं.

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मग बाईंनी विचारणं सोडलं. ताट उचलावं तर ते अजून कोमट असायचं. धुताधुता त्या त्याला हळूच रागवायच्या, घरच्या चार गोष्टी सांगायच्या. आता धास्ती एकच उरली होती, एखाद्या गुरुवारी ताट दिसलं नाही तर?

यंदा फेब्रुवारीत एकदा जेवणानंतर विषय निघाला, मेल्यावर काय होतं. कोणी पुनरुत्थान सांगितलं, कोणी कयामत, कोणी पुनर्जन्म. मायाबाई खिडकीपाशीचं ताट उचलायला निघाल्या होत्या, तेवढ्यात रुचा नावाच्या मुलीने हात धरून त्यांनाही गोलात बसवलं.

"आंटी, आप लोग क्या मानते हैं?"

बाबूरावांनी तीस वर्षं घोटून घेतलेलं उत्तर जिभेवर तयार होतं. बाईंनी विचारही केला नाही.

"हमारे यहाँ आत्मा नहीं मानते, बेटा. जो गया, वो गया. लौटकर कोई नहीं आता."

मुलांनी माना डोलावल्या. आणि आत मोरीतला नळ सुरू झाला.

सगळी माणसं तर इथेच बसलेली. बाईंनी खिडकीकडे पाहिलं. ताट तिथे नव्हतं. त्या धडपडत उठल्या, मोरीपर्यंत पोचल्या, तोवर नळ बंद. पालथ्या ताटांवर आणखी एक ताट पालथं, त्यावरून पाणी निथळत होतं. जाळीवर लवंगा आणि मिरे अडकलेले.

ओल्या ताटावर हात ठेवून त्या पुटपुटल्या, "राहू दे ना रे बाळा. मी धुतलं असतं."

पुढच्या गुरुवारी एकवीस माणसं जेवली. ताटं एकवीसच निघाली, सगळी धुतलेली.