अधांतरी हात

एकोणीसशे पंच्याहत्तरच्या आसपास कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली, की प्रयोगशाळेतले एक साहेब जीपनं आमच्या मालेगावजवळच्या वस्तीत येत. उंच आणि घुमे. उकळलेले रबरी हातमोजे एकदा चढवले, की ते कशालाच शिवत नसत. कुणी 'जय भीम' म्हटलं तरी दोन्ही हात छातीपुढे अधांतरी धरून नुसती मान हलवत. मला त्यांचा रागच यायचा. आम्ही बौद्ध झालो होतो, पण असे आखडते हात पुष्कळ पाहिले होते.

त्या दुपारी त्यांनी आमच्या अंगणात आजारी कोंबडी कापून तिची प्लीहा काढली. आईनं पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी हात मागे घेतले.



"काहून साहेब, आमचं पानी चालत नाही का?" मी विचारलं.

"तसं नाही," ते अडखळले. "यातल्या रोगाच्या विषाणूचा आरएनए वेगळा काढायचाय. बोटांचा जरासा घाम लागला तरी तो नासतो. हे बर्फात जाईस्तोवर मोजे काढता येत नाहीत."

मला ते बहाणेच वाटले. आईला त्यातलं काही कळलं नाही. तिला स्वतःला आयुष्यभर जसं पाणी मिळालं होतं, तसा तिनं पेला उंच धरला, वरून धार सोडायला.

"वरून नको, माय."

हात तसेच अधांतरी ठेवून ते वाकले, आणि तिच्या हातातल्या पेल्याला त्यांनी ओठ लावले.