जखमेच्या वर

माय गेल्याचा निरोप घेऊन मामा अमडापूरला आला, तेव्हा मी शाळेत मुलींकडून पाढे म्हणवून घेत होते. दारातला त्याचा चेहरा पाहूनच मला कळलं. पण खरं सांगायचं तर आधी रडू आलं नाही. आधी आठवला तो दिनकरबाबू... आता हा माणूस सुटला! आज पाच आठवडे झाले, त्या विचाराची मला अजून लाज वाटत नाही.

आम्ही पिंपळगाव राजाचे माळी. माय खामगावच्या बाजारात भाजी विकायची आणि बाबा हंगामात तिथल्याच एका जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायचे. मी तेरा वर्षांची असताना यंत्राच्या पट्ट्यात बाबांचा उजवा हात कोपरापाशी सापडला. दिनकरबाबू त्या जिनाचा हेडकारकून. नागपूरला जाऊन प्रथमोपचाराची परीक्षा पास झालेला. त्याचं प्रमाणपत्र कचेरीच्या भिंतीवर काचेत लावलेलं होतं. पण परीक्षेनंतर सात वर्षांत त्यानं एकदाही पट्टी हातात धरली नव्हती. औषधांच्या पेटीची किल्ली सापडेना. ती सापडल्यावर त्यानं पट्टी बांधली ती मनगटाजवळ, जखमेच्या खाली, आणि तीही सैल. बैलगाडी दवाखान्यात पोचली तेव्हा बाबांच्या अंगाखालचा कडबा रक्तानं चिंब झाला होता. डॉक्टर मायला एवढंच म्हणाले, "जखमेच्या वर आवळून बांधलं असतं, तर वाचला असता हा माणूस."

तेरावा झाल्यावर मामा अंगणात कुऱ्हाडीला धार लावत बसला. माय म्हणाली, "त्याचे हात तोडू नको. त्या हाताचं काम हाये मले."

काय काम ते तेव्हा कुणालाच कळलं नाही. भाजी विकून झाली की ती सरकारी दवाखान्यात जाऊन बसू लागली. तिथल्या कंपाउंडरनं आधी हाकललं, मग कंटाळून शिकवलं. घरी ती माझ्या दंडावर पट्टी आवळायची, बोटांना मुंग्या येईपर्यंत. मोडलेला पाय दोन काठ्यांत कसा धरायचा, भाजल्यावर काय लावायचं नाही, बुडालेल्याला कसं पालथं घालायचं, सगळं तिनं हाताखालून घातलं. दोन महिन्यांनी बाजाराच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, ती जिनाच्या फाटकाशी उभी राहिली. मी सोबत होते. तिनं चोळीची बाही वर सरकवली आणि हात पुढं केला.

"बाबू, कोपरापाशी कापलं हाये. बांधा."

"अहो बाई, हा काय तमाशा? जा इथून."

तोवर सगळे कामगार भाकरी सोडून भोवती जमले होते. कुणी हलेना. शेवटी बाबूनं पट्टी आणवली... आणि परत चुकला. माय मोठ्यानं म्हणाली, "पाहा रे सगळे. माह्या मालकालेही असंच बांधलं होतं."

मग दर बाजाराला हेच. कधी हात, कधी मांडी, कधी डोकं. तिसऱ्या खेपेला बाबू सगळ्यांसमोर रडला. मायनं रडणं संपेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाली, "झालं? आता बांधा." जिनाच्या मालकानं तिला हटवायला चौकीदार धाडला, तर कामगार कामावर जाईनात. एकदा बाबू तापाचं निमित्त करून घरी राहिला, तर माय त्याच्या ओट्यावर जाऊन बसली. त्याच्या बायकोनं हात जोडले, "सोडा हो त्यांना आता. येतं त्यांना." माय म्हणाली, "आठ दिवस नाही केलं तं माहे हात इसरतात बाई. त्याहीचे तं सात वर्षं इसरले होते."

अशी अकरा वर्षं गेली. मधे एका बाईचा पाय यंत्रात गेला. बाबूनं धावत जाऊन मांडीवर पट्टी आवळली, काठी घालून पिळली, किती वाजता बांधली ते चिठ्ठीवर लिहून दिलं. बाई जगली. तो पेढे घेऊन आमच्या घरी आला. मला वाटलं, आता तरी माय विरघळेल. तिनं पेढ्यांकडे पाहिलंही नाही. "ते बाई वाचली, चांगलं झालं. माहा मालक आला काय वापस? बाजाराले येतो मी." मी तेव्हा तिच्यावर चिडले नाही. मला बरंच वाटलं.

यंदा फुप्फुसं सुजून चार दिवसांत ती गेली. दहाव्याला बाबू आला. केस पांढरे झाले होते. घाटावर सगळे पांगल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई... आता मी मोकळा का?"

मी पदर खोचला, हात पुढं केला. त्यानं खिशातून पट्टी काढली. खिशातच होती. कोपराच्या वर चार बोटं, दोन वेढे, घट्ट गाठ. एवढं सफाईदार काम मी दवाखान्यातही पाहिलं नाही. मी हात उलटासुलटा करून पाहिला, नाडी पाहिली, गाठ ओढून पाहिली. चूक कुठेच नव्हती.

पट्टी सोडून मी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "येत्या बाजाराले मी येतो, बाबू."