साठच्या पुढचा आवाज

तुम्ही हसणार, हे गृहीत धरूनच सांगतो. फक्त चहा संपेपर्यंत दम धरा. कारण या प्रकरणात मी एक धडधाकट इंजिन खोलायला लावलं, कानाच्या डॉक्टरांचा वेळ खाल्ला आणि ज्वारीचं पोतं पेठनाक्यापर्यंत फिरवून आणलं.

पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालो आणि मोटारसायकल घेतली. तिच्यावर पाटावर जेवायला बसल्यासारखं ताठ बसावं लागायचं. आम्ही आष्ट्याला, मुलगी साताऱ्यात. दर पंधरा दिवसांनी नातीला भेटायला जायचं, एवढाच काय तो माझा पराक्रम. पण हायवेला काटा साठच्या पुढं गेला की वारा असा छातीवर बसायचा, जणू कोणी कॉलर धरून रजेचा अर्ज मागतंय. ताठ बसण्याची शिक्षा, दुसरं काय! कचेरीत सगळी नोकरी वाकून काढली, तेव्हा कधी वारा लागला नव्हता.

मग सांगलीला जाऊन गाडीच्या पुढं काच बसवून घेतली. त्याच दुकानात तोंड झाकणारं नवं हेल्मेटही घेतलं. येताना छातीवर वारा नाही. काय ते सुख! आणि काटा साठवर गेला.

टप्-टप्-टप्-टप्!

डोक्यातच कोणी टंकलेखन करत होतं. वेग कमी केला, बंद. वाढवला, पुन्हा हजर.

आमच्या दत्ता मिस्त्रीनं गाडी स्वतः पळवून पाहिली. बोडक्या डोक्यानं, अर्थात.

"भाऊसाहेब, कायबी न्हाई. काच घट्ट हाय, इंजन तर घड्याळागत चाललंय."

"इंजिन खोल."

"आवं, चांगलं इंजन खोलू नये माणसानं."

"खोल म्हणतो ना!"

त्यानं खोललं. त्यात काही नव्हतं. पुन्हा बंद केलं. टप्-टप् चालूच.

पुढच्या रविवारी सुमनला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, मागं बसवून साताऱ्याला गेलो. सत्तरपर्यंत नेली. आवाज नाही! येतानाही नाही. सोमवारी एकटा बाहेर पडलो आणि टंकलेखक कामावर रुजू.

दत्तानं डोकं खाजवलं. "मागं वजन पडलं की आवाज जातोय. शॉकअप गेलं असतील. वैनींचं वजन किती?"

"तूच विचार तिला."

त्याची छाती झाली नाही. मग मी अंदाजानं ज्वारीचं पोतं मागं बांधलं. पेठनाक्यावर लोक विचारत होते, "भाऊसाहेब, गिरणी लांब पडती काय?" मी हसून मान हलवत होतो आणि हेल्मेटात टप्-टप्-टप् चालू होतं.

आता मात्र माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. वजनाचा संबंध नाही. बायको असली की आवाज नाही, नसली की आहे. म्हणजे आवाज गाडीत नव्हताच. मग कुठं होता? जेवताना, पेपर वाचताना मी श्वास रोखून कान देऊ लागलो. मुलाचा पुण्याहून फोन आला, "बाबा, गाडी विका. आणि आधी डॉक्टरांना दाखवा."

सांगलीच्या डॉक्टरांनी कान तपासले. कान उत्तम.

"पत्नी मागं असताना येत नाही म्हणता?"

"कधीच नाही."

त्यांनी चष्मा काढला. डॉक्टरनं चष्मा काढला की माझे पाय गार पडतात. "एकटं जायची धास्ती घेतलीय तुम्ही. एकटे गाडी चालवू नका."

घरी येऊन सुमनला सांगितलं. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "आवं, एवढा जीव हाय व्हय माझ्यावर? मग आदी सांगायचं की!" त्या दिवशी शिरा झाला, काजू घालून. मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू? डोळे जरा ओलेही झाले. पण एकट्यानं चालवायची नाही तर गाडी ठेवायची कशाला? शिराळ्याचं एक गिऱ्हाईक रविवारी यायचं ठरलं.

शनिवारी दोघं शेवटचं साताऱ्याला निघालो. कासेगाव मागं पडलं. काटा पासष्ट. शांतता. माझा जीव तुटत होता. तेवढ्यात सुमनला शिंक आली आणि...

टप्-टप्-टप्-टप्!

गाडी कडेला घेतली. "सुमन, आला गं! तू असतानाही आला. माझं डोकं गेलं!"

"कसलं डोकं? शिंकताना माझ्या हातनं तुमचं नाडं सुटलं."

"कसलं नाडं?"

"ह्ये की, टोपड्याचं." तिनं माझ्या हनुवटीखालून हेल्मेटच्या पट्टीचं वीतभर लांब टोक ओढून दाखवलं. "पयल्याच खेपेला खांद्यावरनं वाकून बघितलं, तर माझ्या नाकाशी वळवळाया लागलं. तवापासनं मुठीत धरून बसतीय. म्हटलं, नव्या फ्याशनीचं असंल."

ज्वारीच्या पोत्याला मूठ नसते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्या दिवशी दोन वस्तू घेतल्या, काच आणि हेल्मेट. मी फाईल उघडली ती एकट्या काचेची. आणि हा माणूस म्हणे कचेरीत दुसऱ्यांच्या चुका काढायचा!

"म्हंजी जीव-बीव कायबी न्हाई," सुमन शांतपणे म्हणाली. "शिरा फुकट गेला म्हणा."

गिऱ्हाइकाला तिथूनच फोन करून नकार कळवला. मग मी पट्टीचं टोक आत खोचायला गेलो, तर तिनं हात धरला. "ऱ्हाऊ द्या. माझ्या हातात बरं हाय."

तेव्हापासून ती मागं बसते आणि टोक मुठीत धरते. काटा साठकडे झुकला की एक हिसका. बैलाचा कासरा ओढतात ना, तसा. त्यामुळे साठच्या पुढं आता आवाज येतो की नाही, हे मला विचारू नका. मी तिथवर पोचतच नाही.