हिरड्यांना लावलेला अंगारा

देवीवरचा माझा विश्वास कधी डळमळलाच नाही असं लिहिलं, तर ती शुद्ध लबाडी होईल. लोणारच्या तळ्याकाठी, कमळजा मातेच्या दारातच, मी तिला एकदा मनातल्या मनात वाटेल ते बोलले आहे. तिनं ते पोटात घातलं, म्हणून आज हे लिहायचं धाडस करते.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही मेहकरकडचे, वांगी-मिरची पिकवणारे. आमचे हे गावच्या देवळात भजन म्हणत. आवाज असा, की मळ्यात सहज गुणगुणले तरी मी पाटाचं पाणी वळवायचं विसरून उभी राहायची. दुखणं एकच होतं. त्यांच्या हिरड्या सडत चालल्या होत्या. सकाळी बाभळीची काडी चावली की रक्त येई, हिरडी दाबली की पू निघे, आणि उशीवर लाल डाग दिसत. दात काढायचा विषय काढला की माणूस बिथरे. वरचा दात काढला की डोळे जातात, ही धास्ती तर गावात सगळ्यांनाच होती, पण यांची भीती निराळी. "दात गेले त अभंग फुसफुस निंघन. मंग मले पेटीजवळ कोन बसू देईन?" मला ते पटायचं, कारण तो आवाज मलाही हवा होता. मग मी रोज मिसरी भाजून द्यायची आणि वरून देवीचा अंगारा त्यांच्या हिरड्यांना चोळायची. गाल सुजला तरी चोळतच राहिले. वर्षभर मंगळवार धरले, दवाखान्याची पायरी मात्र चढले नाही. याला मी श्रद्धा म्हणत होते.

नवरात्रात सातव्या माळेला आम्ही लोणारला गेलो. एस.टी.तून उतरलो तेव्हा यांच्या तोंडाचा डावा कोपरा जरा उतरल्यासारखा दिसला, बोलणंही जड वाटलं. दातांची सूज असेल, असं मी धरून चालले. तळ्याकडे उतरताना त्यांचा पाय दोनदा अडखळला, तेव्हा 'जरा खाली पाहून चाला' म्हणून मी वर रागावलेसुद्धा. आज ते आठवलं की जीव कासावीस होतो.

गाभाऱ्यापाशी पुजाऱ्यानं यांच्या तळहातावर तीर्थ घातलं. यांनी ते तोंडाला लावलं आणि सगळंच्या सगळं डाव्या बाजूनं गळून सदऱ्यावर सांडलं. देवीनं यांना तीर्थ नाकारलं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. वर्षभराचे उपास, तो अंगारा, सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि मी तिच्याकडे पाहून मनात म्हटलं, तुला एवढंही होत नाही? मग हट्टानं मी पुजाऱ्याकडून आणखी तीर्थ मागून घेतलं आणि यांच्या ओठांशी नेलं.

मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. रांगेतलीच एक बाई होती, चाळिशीची, हिरव्या लुगड्यातली. "ताई, पाजू नका. घोट उतरंना त्याईला. नरड्यात अडकंल." मी हात सोडवायला लागले, पण तिनं धरून ठेवला. मग यांना म्हणाली, "दादा, देवीला दोन्ही हात जोडा बरं." उजवा हात वर गेला. डावा तसाच लोंबत राहिला.

"हे दाताचं न्हाई. वारं गेलंय अंगावरून. मी सरकारी दवाखान्यात नर्स हाय," ती म्हणाली. "तीर्थ ओठाला लावा, पन तोंडात आता काहीबी घालू नका."

तीर्थ घेऊन तसंच थांबणं मला त्या क्षणी किती जड गेलं, ते मीच जाणे. पण मी थांबले. भिजलेलं बोट त्यांच्या ओठांवरून फिरवलं आणि उरलेलं माझ्या पदराला पुसलं. लोकांनी काठ्या आणि धोतरांची झोळी केली, आणि ती उभी चढण चढून यांना वर नेलं. ती बाई सबंध वाट त्यांची मान एका बाजूला वळवून धरून चालली, लाळ बाहेर यावी म्हणून. एस.टी.चा ड्रायव्हर तिनंच गाठला. मेहकरच्या दवाखान्यात दोन दिवस राहून तिनं मला त्यांची कूस कशी बदलायची ते शिकवलं, आणि कामावर निघून गेली.

डॉक्टरांनी यांचं तोंड उघडून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "हा पू रक्तात मिसळून अंगभर फिरतो. झटका यानंच आला असं मी छातीठोक सांगणार नाही. पण अंगात ताकद आली की हे दात काढायचेच." माझी नात आता डॉक्टरकी शिकते. हिरड्यांचं दुखणं आणि लकवा यांचं काही नातं दिसतं, असं तीही सांगते, पण एकानं दुसरं होतंच हे अजून नक्की नाही म्हणते. मला त्यात शिरायचं नाही. दात काढायला यांनी मात्र या खेपेला आढेवेढे घेतले नाहीत. जड जिभेनं म्हणाले, "काढा. बोलनंच जाऊन राह्यलं होतं, आता दाताचं काय घेऊन बसता?"

पुढं आम्ही त्या बाईचा शोध घेतला, तर तिची बदली झालेली. गावात म्हणतात, साक्षात देवीच आली होती. मी वाद घालत नाही. मला तिचा तो घामेजलेला हात आठवतो, आणि तेवढं पुरतं. सगळं देवीवर टाकलं म्हणजे शरण गेलो, असं मी समजत होते. खरं तर अंगाराही माझाच हट्ट होता. ज्या दिवशी माझा हात धरून थांबवला गेला आणि मी थांबले, त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा शरण गेले.

पुढच्या नवरात्रात आम्ही पुन्हा ती वाट उतरलो, हे काठी टेकत आणि बोळक्या तोंडानं. पुजाऱ्यानं तीर्थ घातलं. मी त्यांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत राहिले आणि माझे डोळे वाहायला लागले. "काऊन रडून राह्यली?" हे म्हणाले. "फुसफुस का होईना, आरती म्हनतो ना." मी त्यांच्या सदऱ्यावरून हात फिरवून पाहिला. सदरा कोरडा होता.