पुष्पाताईच्या गोळ्या

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. एकदोनदा ओठांवर आली — पण मग मी चहा ठेवायला उठले. मी अबोल आहे असं समजू नका हं. हिंगणघाटजवळच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवते; घंटा झाली तरी माझं संपत नाही, पोरं वैतागतात. म्हणजे जीभ आहे. हिंमत नाही.

कुठून सुरू करू? आतड्यापासूनच करते, माझं सगळं तिथूनच सुरू झालं. आपण जो चोथा खातो — ज्वारीचा कोंडा, डाळींची सालं — तो आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो खातात आणि त्यातून छोटी छोटी मेदाम्लं तयार करतात. त्यातलं एक ब्युटिरेट. आतड्याच्या पेशींवर त्याला ओळखणाऱ्या खास जागा असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. ब्युटिरेट तिथे जाऊन बसलं की आतली सूज उतरायला मदत होते, असं माझ्या उंदरांमध्ये दिसत होतं. मग ह्याच जागा पकडणारं औषध का करता येऊ नये? माझी पीएचडी ह्यावरच. उंदीर बरे व्हायचे आणि मी — काय सांगू — हवेत असायचे.

आता पुष्पाताई. माझी मोठी जाऊ. दहावीनंतर शाळा सुटली, घरी ब्लाउज शिवायची, आणि माझं कौतुक असं करायची की मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. आल्यागेल्याला सांगायची, "आमची मीना औषध शोधून राह्यली." तिला मोठ्या आतड्याच्या सुजेचा जुना आजार. रक्त पडायचं, सारखं पळावं लागायचं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ते आटोक्यात होतं, पण पूर्ण थांबलं नव्हतं. माहेर समुद्रपूरचं, पण एसटीत बसायची धास्ती. वाटेतच लागली तर? स्वतःच्या आईच्या तेरवीलाही ती पोटात अन्नाचा कण न घालता गेली होती. मला एकदा म्हणाली, "मले फक्त निवांत बसमंधी बसता आलं पाह्यजे, बाकी काई नाई पाह्यजे."

तर — मी तिला कॅप्सूल दिल्या.

पोरं गेल्यावर प्रयोगशाळेतल्या हाताने चालवायच्या यंत्रावर भरल्या. पूड ब्युटिरेटचीच, पण प्रयोगांसाठी आणलेल्या बाटलीतली, माणसाने खायची नव्हेच. वास असा, की खवट लोणी आणि ओकारी एकत्र. ताईने नाक दाबून पहिली गिळली आणि हसली. वर म्हणते कशी, "तुह्या हातचं हाय, मंग मले काय भेव?"

इथवरचं मी कदाचित कुणाला सांगितलंही असतं. वेडेपणा म्हणून खपलं असतं. पुढचं खपणार नाही. मी तिला डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला लावल्या.

का? दोन्ही एकदम घेतलं, तर गुण कशाने आला हे मला कळणार कसं? उंदरांच्या पिंजऱ्यापुढे आम्ही असंच बोलतो — एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तेच मी घरच्या बाईला लावलं. तिने विचारलं होतं हो, "डॉक्टरले इचारू का?" मी म्हटलं, कशाला, ते जुन्याच लिहून देणार. खरं सांगू? त्या वेळी माझ्या डोक्यात ताईची बस नव्हती. मोठं सभागृह होतं, आणि त्यात मी बोलत होते.

सुरुवातीला तिला बरं वाटलं. जुन्या गोळ्यांचा असर उरला असेल, मनाचा खेळ असेल — श्रेय मात्र मी सगळं घेतलं. मग एका सकाळी तिने मला न्हाणीजवळ बाजूला ओढलं आणि हळूच सांगितलं, रक्त पुन्हा सुरू झालंय, पहिल्यापेक्षा जास्त. गोळ्या परत चालू करू का? आणि मी म्हटलं, थांबा जरा. इतक्यात मोडलं तर काहीच कळणार नाही. थांबा म्हटलं मी! ती थांबली. माझं ऐकायची ना ती.

शिलाई मशीनवरून उठताना ती खाली कोसळली, तेव्हा अंग तव्यासारखं तापलं होतं. वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू होत्या ना? खोलीत थोरले दीर, सासूबाई, माझा नवरा, मी. ताईने मानेनेच नाही म्हटलं. सगळे तिच्याकडे बघत राहिले. आणि मग कुणीतरी म्हणालं, "अवो ताई, काऊन सोडल्या तुम्ही गोळ्या?"

ती मी होते.

सगळ्यांच्या आधी मी विचारलं, चांगल्या रागावलेल्या आवाजात. तिने माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग डॉक्टरांना म्हणाली, "ध्यानातच नाई राह्यलं."

तिच्या पोटात काय गेलंय ते डॉक्टरांना कळायला हवं होतं. औषधं शिकवणाऱ्या बाईला एवढं समजत नव्हतं का? समजत होतं. तरी घरी आल्यावर मी आधी तिच्या कपाटातली माझ्या कॅप्सूलची डबी उचलली आणि फेकून दिली.

ताईचं मोठं आतडं काढावं लागलं. पोटावर शौचाची पिशवी आली, कायमची. डॉक्टर नंतर म्हणाले, गोळ्या घेऊनही हे कधी कधी होतं. ह्या एका वाक्याला मी किती धरून बसले होते! पण ते डॉक्टरांचं वाक्य आहे. माझं वाक्य 'थांबा जरा' हे होतं.

घरात आता ताई निष्काळजी ठरली आहे. सासूबाई पाहुण्यांना सगळं रंगवून सांगतात, मी मान हलवते. वर्गात अजून तोच धडा शिकवते. दरवर्षी कुणीतरी विचारतंच — मॅडम, माणसांवर चाललं का हे? मी सांगते, अजून पुरेसा पुरावा नाही. लाज वाटते, फार वाटते. पण एवढी वाटूनही तोंड उघडत नसेल, तर ती लाज तरी कसली?

गेल्या रविवारी ताईची मुलगी आईवर डाफरली. पिशवी गळली होती, पलंगावरची चादर काढावी लागली. "गोळ्या टायमावर खाल्ल्या असत्या तं हे दिवस आले असते का, आई?" ताई चादर गोळा करत होती. म्हणाली, "हाव व माय, चुकलंच माहं."

मी समोर बसून पोहे खात होते. छान झालेत, म्हटलं मी.