जांभळ्या वांग्याची परीक्षा

रविवारी सकाळी वाफ्यात चाळीस रोपं होती आणि हजर आम्ही तिघं: रोपं विकणाऱ्या मावशी, माझी बायको आणि मी. बायकोला त्यांच्या गर्द जांभळ्या वांग्याचं बी आमच्या अर्ध्या एकरात लावायचं होतं. आमच्या सेनगावच्या गिऱ्हाइकाला जांभळंच वांगं लागतं.

मावशी प्रत्येक उत्तर "बराबर" म्हणून सुरू करतात आणि माणसाचं सगळं ऐकून घेतात. झाडावर मात्र त्यांचा विश्वास नसतो. त्यांनी हिरव्या वांग्याच्या कळीतले पुंकेसर खुडून तिला, ज्याचं बी आम्हाला हवं होतं त्या जांभळ्या झाडाचा पराग लावला होता आणि वर कापडी पिशवी बांधली होती. ही रोपं त्याच फळाच्या बियांची.

"हिरव्याचीच कळी काहून?" मी विचारलं.

"बराबर. हिरव्याजवळ लपवायला काही न्हाई, भाऊ. जांभळं अस्सल असंल तर समदी लेकरं जांभळी; त्याच्या पोटात हिरवं असंल, तर ते लेकरांत दिसतंय."

खोड जांभळं तर फळ जांभळं, म्हणून रोपाच्या खोडाचा रंग बघत त्या दर जांभळ्या रोपामागं एकेक चिंचोका ओटीत टाकत गेल्या. मीही मोजलं. जांभळी बावीस, हिरवी अठरा.

"थोडी हिरवी निघाली तर निघू द्या की, मावशी!" बायको म्हणाली.

"बराबर. वावर तुमचं हाय, पण बी जांभळंच निघंल ही जबान माझी हाय."

त्यांनी बियासाठी राखलेली त्या झाडाची सगळी पिकली वांगी तोडली आणि शेळीपुढं टाकली. बायकोच्या पदरात चार कोवळी वांगी पडली, भाजीपुरती.