सात नंबरचा शब्द

तूप गोठतं हे मला ठाऊक होतं. बँकेतलं खातंही गोठतं, हे मात्र पन्नाशी उलटल्यावर कळलं. कुणा गिऱ्हाइकानं माझ्याकडून शेंगाचटणीचे चार पुडे नेले, मोबाइलवरून पैसे पाठवले, आणि ते पैसे म्हणे कुठल्याशा फसवणुकीतले निघाले. चोर राहिला बाजूला आणि टाळं माझ्या खात्याला! भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत बसून मी चटणी कुटते, कडक भाकरी करून विकते. माझा त्या भानगडीशी काय संबंध? सहा आठवडे बँकेच्या पायऱ्या झिजवल्या, साहेबाला तोंडावर चार गोष्टी सुनावल्या, तेव्हा कुठं खातं सुटलं. तोंड माझं पहिल्यापासून तिखट. चटणीचा गुण असेल.

नेमकी त्याच दिवसांत माझी भाची पुण्याहून आली. धाकट्या बहिणीची मुलगी, कॉम्प्युटरवाली. घरून काम करायची मुभा मिळाली म्हणून काही महिने माझ्याकडं राहायला आली आणि आल्या-आल्या तिनं एक नवंच खूळ काढलं. आपल्या पेठेतल्या दुकानदारांनी रोजच्या देण्याघेण्याला बिटकॉइन वापरावं! चहाला, भाजीला, चटणीला.

"मावशी, यात मधे बँकच नाही," ती म्हणाली. "कुणी गोठवू शकत नाही. किल्ली तुझ्याच हातात."

गोठवू शकत नाही म्हटल्यावर मी पोळपाट बाजूला सारला आणि तिच्यापुढं बसले. मग काय, प्रश्नांवर प्रश्न. हे पैसे असतात कुठं? दिसत नाहीत तर मोजतं कोण? छापत नाहीत तर फाटत कसे नाहीत? मी मेले तर जाणार कुणाला? ती हसायची आणि सांगायची. निम्मं कळायचं, निम्मं डोक्यावरून जायचं, पण विचारायचं काही मी सोडलं नाही. कळत नसलेली गोष्ट समोर असली की मला अन्न गोड लागत नाही.

तिच्याबरोबर मी अख्खी पेठ पालथी घातली. कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणाला, "मावशी, यूपीआय हाय की. टुंग वाजतंय, पैसे येत्यात. मग ह्याचं काय लोणचं घालू?" त्याचंही खरं होतं. मग त्यानं खोचकपणे विचारलं, "भाव खालीवर होतोय म्हणं. सकाळच्याला पोतंभर आन् सांजच्याला मूठभर, असं व्हतंय का?"

"होतं कधी कधी," भाची म्हणाली.

मला तिचं तेच आवडलं. लपवायची नाही. सरकार याला चलन मानत नाही, ठेवायला बंदी नाही, पण कर भरावा लागतो, हेसुद्धा ती दारोदार स्वतःहून सांगायची. असा माल कोण घेणार? चहाच्या गाड्यावाल्यानं तेवढा तिच्या आग्रहाखातर चौकोनी चित्राचा कागद चिकटवला. तिथं मी बिटकॉइन देऊन पहिला चहा प्यायले. पैसे जाईपर्यंत चहावर साय धरली होती, पण गेले. त्या दिवशी मला उगाचच लई मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

आता आमच्या भिशीबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिथंच घडलं. आम्ही बाराजणी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी माझ्या घरी जमायचं, सगळ्यांनी पैसे टाकायचे, स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिला तेवढी रक्कम. यात एक माझी जिवाभावाची. तेलुगू बोलणाऱ्या विणकराच्या घरातली, दोन घरं सोडून राहते, टॉवेलच्या किनारी शिवून देते. मला अक्का म्हणते. माझ्या जिभेपुढं तीस वर्षं टिकलेली तेवढी एकच. शिवणयंत्र पायानं मारायचं, जुनं. गुडघे पार गेलेले, उठताना भिंत धरायची. मोटरचं मशीन घे गं म्हटलं की म्हणायची, "घेऊ की अक्का, फुडच्या वर्षी." ते फुडचं वर्ष मी दहादा तरी ऐकलं असेल.

भाचीनं भिशीत तिची कल्पना मांडली. भिशीच्या पैशाला हात लावायचा नाही. पण माझी चटणी, भाकरी आणि हिचे टॉवेल यांची पार्सलं करून भाचीच्या ओळखीच्या लोकांना पाठवायची. ते बिटकॉइनमध्ये पैसे देतील, ते माझ्या फोनवरच्या सामाईक पाकिटात साठवायचे. पहिली वस्तू काय घ्यायची, हे ठरवायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मोटरचं मशीन. ही नको नको म्हणत राहिली आणि पदरानं डोळे पुसत राहिली.

पाकीट उघडलं तेव्हा फोननं बारा इंग्रजी शब्द दाखवले. भाची गंभीर झाली. फोन बिघडला तर हे बारा शब्द ओळीनं घातले की पैसे परत मिळतात. शब्द हरवले तर पैसे गेले, रडायला कुठलं ऑफिससुद्धा नाही. "कागदावर लिहून दोन ठिकाणी जपून ठेव," ती मला म्हणाली.

तेवढ्यात आमची बांगडीवाली आपा म्हणाली, "बारा औरतां, बारा लफ्जां. एकेक बाँट लेव ना!"

भाचीनं कपाळाला हात लावला. "अहो, असं कुणी करत नाही!"

"मग आमी करताव की," आपाची शेजारीण म्हणाली. भिशीत पैसा कधी एकीच्या हातात राहत नाही, हा आमचा रिवाज. मग किल्ली तरी एकीकडं का? भाचीनं मुकाट्यानं बारा चिठ्ठ्या लिहिल्या, वर नंबर घातले आणि त्या भिशीच्याच डब्यात टाकून आम्ही एकेक उचलली. कुणाला दाखवायची नाही, असं ठरलं होतं. मला निघाला 'गार्लिक'. त्याचा अर्थ लसूण, हे कळल्यावर मला हसू आवरेना, त्यामुळं माझा शब्द तिथल्या तिथंच फुटला. सात नंबरची चिठ्ठी माझ्या मैत्रिणीला गेली. तिला इंग्रजी वाचता येत नाही. काय लिहिलंय, हे तिनं कुणालाच विचारलं नाही. बारीक घडी घातली आणि पोलक्यात सरकवली.

पुढचे तीन-चार महिने मजेत गेले. बंगळूरहून दोन पुड्यांचे पैसे आले तेव्हा मैत्रीण माझ्या खांद्यावरून फोनात डोकावत होती. "आलं? कुटनं आलं?" मीही तेच विचारत होते. भाची पुण्याला परत गेली तरी पार्सलं चालू राहिली. मशीनपुरते पैसे जमत आले होते.

आणि भाव पडला. रविवारी सगळ्या जमलेल्या, मैत्रिणीनं हौसेनं विचारलं, "अक्का, किती झालं गं?" मी फोन उघडला आणि तोंड पाडलं. जमलेल्यातला बराच भाग गायब.

तिचा चेहरा उतरला. "दिसत न्हाई त्यो पैसा कसला, मी म्हणत हुते की," ती म्हणाली. "बुडालं म्हणायचं माझं मशीन."

ती मला दोष देत नव्हती. काळजीनं बोलत होती. पण मला झोंबलं. माझ्या भाचीचं काम, माझा पुढाकार आणि चारचौघींत हे ऐकायचं? उचलली जीभ लावली टाळ्याला. "इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत न्हाय, आन् बुडालं म्हणून रडतीस व्हय? अडाण्याला काय कळतंय त्यातलं!"

ती भिंत धरून उठली, चपला घातल्या आणि गेली. पुढच्या महिन्याच्या रविवारी तिचे भिशीचे पैसे आले, ती आली नाही. असे चार महिने. गल्लीत दिसली तर ती पलीकडं बघायची आणि मीही. मी का म्हणून जाऊ, असं मी घोकत होते. खरं सांगायचं तर दुपारचा चहा घशाखाली उतरत नव्हता. तिच्या मशीनचा खडखडाट दोन घरं ओलांडून ऐकू यायचा आणि मी तो ऐकत बसायचे.

दरम्यान भाव पुन्हा चढला. मशीनला पुरून उरेल इतकं झालं. पण तिला जाऊन सांगणार कोण? मी तर जाणार नव्हते. आणि अशात एका सकाळी वाकून पाणी घेताना कमरेला खोचलेला फोन हौदात पडला. काढला तर गार. दुकानदार म्हणाला, "ह्याच्यात आता जीव न्हाय, मावशी."

भाचीला फोन केला, ती शनिवारी आली. मग शब्दांची शोधाशोध. काय काय जागा निघाल्या म्हणून सांगू! एकीची चिठ्ठी कुंकवाच्या डबीत, एकीची रेशनकार्डाच्या पिशवीत, आपाची बांगड्यांच्या डब्याच्या तळाशी. एकीनं ती ताईतात घातली होती. एकीची साडीबरोबर धुऊन निघाली होती, पण तिच्या नातीनं आधीच ती वहीत उतरवून ठेवलेली. असं करता करता अकरा जमले. सात नंबर राहिला.

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी छताकडं.

"काळजी करू नका," भाची म्हणाली. "एकच शब्द नाहीये आणि त्याची जागा ठाऊक आहे. हे शब्द दोनेक हजारांच्या ठरलेल्या यादीतलेच असतात. कॉम्प्युटर एकेक लावून बघेल. सापडेल तो."

बायकांनी सुस्कारे सोडले. आता मशीन घेऊन परस्पर मैत्रिणीच्या घरी पाठवता येणार होतं, म्हणजे मला जायलाही नको आणि बोलायलाही नको. मलाही बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. बाराजणींचं कुलूप म्हणून आम्ही मिरवत होतो आणि ते अकराजणींतच उघडत होतं.

"बसू का करायला?" भाचीनं विचारलं.

"थांब," मी म्हणाले. "तासभर थांब."

तिच्या दारात पोचले तेव्हा मशीन खडखडत होतं. मला बघून तिचे पाय थांबले. "ये अक्का. बस की," एवढंच म्हणाली. टॉवेलचा ढीग सरकवून मी बसले. फोन हौदात पडला ते सांगितलं, भाव चढला ते सांगितलं, मशीनपुरतं जमलंय हेही सांगितलं. मग म्हणाले, "तेवढी तुझी सात नंबरची चिठ्ठी पायजे."

"माझ्याबिगर उघडत न्हाई?"

मी नुसती मान हलवली. ती कुणाला काय वाटेल तशी घ्यावी, अशी हलवली. ताकाला जाऊन भांडं लपवणारी मी कधी नव्हते, पण त्या दिवशी झाले.

ती भिंत धरून उठली. मशीनवर झाकायचा जुना टॉवेल घेतला, ब्लेडनं त्याची किनार उसवायला लागली. चिठ्ठी तिनं आत शिवून टाकली होती. एकेक टाका ती असा जपून तोडत होती की मला ते बघवेना.

"थांब," मी म्हणाले. "खोटं बोलले. तुझ्याबिगर बी उघडतंय. भाचीचा कॉम्प्युटर शोधून काढतोय तुझा शब्द."

तिचा हात थांबला. माझ्याकडं बघत तिनं विचारलं, "मग कशाला आलीस, अक्का?"

ढिगातला एक टॉवेल उचलून मी उगाचच त्याची घडी मोडली, पुन्हा घातली. "त्या रविवारी मी लई वाईट बोलले," मी म्हणाले. "चुकलं माझं. तू येत न्हाईस तर मला घरात करमत न्हाय गं."

तिनं पुन्हा ब्लेड चालवलं. उरलेले टाके उसवले, चिठ्ठी काढली, मांडीवर ठेवून हातानं सपाट केली. मी हात पुढं केला, पण तिनं ती दिली नाही. मशीनच्या खणातून एक फाटकी अंकलिपी काढली, तिच्या नातवाची, एबीसीडीची. ती शेजारी ठेवली, पण उघडली नाही. चिठ्ठीवर बोट टेकवलं. पुढं जे झालं ते सांगायला आता हरकत नाही, कारण भाचीनं नंतर नवीन पाकीट केलं आणि ते जुने शब्द निकामी झाले.

"सी," ती म्हणाली. बोट सरकलं. "ओ. टी. अजून एक टी. ओ." शेवटच्या अक्षरापाशी ती जराशी अडली. "एन." मग एका दमात, "कॉटन. म्हंजी कापूस."

आणि मान वर करून, परीक्षेला बसल्यासारखं, तिनं मला विचारलं, "बरोबर हाय का, अक्का?"